छत खाली आणलं आणि दालन उंच झालं: टेट मॉडर्नमधल्या सूर्याचं प्रकरण

लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात 16 ऑक्टोबर 2003 ते 21 मार्च 2004 या काळात एक सूर्य लावलेला होता. या पाच महिन्यांत 20 लाखांहून जास्त माणसं त्याच्या उजेडात येऊन गेली. ओलाफर एलियासन या कलाकाराच्या या मांडणीचं नाव ‘द वेदर प्रोजेक्ट’. तिचा फोटो आंतररचनेत रस असलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो: धुरकट हवेत तरंगणारं पिवळंजर्द बिंब आणि त्याच्यापुढे मुंग्यांएवढ्या काळ्या आकृत्या. फोटोत सूर्य ठसतो म्हणून चर्चाही सूर्याचीच होते. माझं मत जरा वेगळं आहे. सूर्याने लोकांना दारातून आत ओढलं हे खरंच. पण आत आल्यावर त्यांनी जे केलं, म्हणजे अंगावरच्या कोटासकट काँक्रीटच्या जमिनीवर पाठ टेकली आणि तासन्‌तास वर बघत राहिले, ते घडवून आणलं छताने. हे प्रकरण मी छताकडून सांगणार आहे.

आधी जागा. टेट मॉडर्न ही मुळात वीजनिर्मितीची इमारत. थेम्सच्या दक्षिण काठावरचं बँकसाइड वीजकेंद्र, वास्तुकार जाइल्स गिल्बर्ट स्कॉट. लंडनच्या लाल टेलिफोन खोक्याचा आराखडाही त्यांचाच. हे केंद्र 1981मध्ये बंद पडलं. बासेलच्या हर्झोग आणि द मूरॉन या वास्तुकारांनी त्याचं संग्रहालयात रूपांतर केलं आणि मे 2000मध्ये ते लोकांसाठी उघडलं. जिथे टर्बाइन होती ती यंत्रं काढून टाकल्यावर मागे उरली एक पोकळी: सुमारे 155 मीटर लांब, 23 मीटर रुंद, 35 मीटर उंच. वास्तुकारांनी ती भरली नाही, भिंती घालून तोडली नाही. छप्पर असलेला रस्ता असावा तशी ती मोकळी ठेवली. पश्चिमेच्या दारातून आत शिरलं की एक रुंद उतार थेट या दालनात घेऊन जातो. तिकीट लागत नाही. इमारतीच्या एका भागात वीजवितरणाची यंत्रणा तेव्हाही चालू होती आणि तिची घरघर दालनात ऐकू येत असे. कृत्रिम सूर्यासाठी याहून चपखल पार्श्वसंगीत कोणाला सुचलं नसतं.

आता अडचण. एवढ्या मोठ्या जागेत काय ठेवायचं? माणसाच्या मापाची कुठलीही वस्तू तिथे खेळण्यासारखी दिसते. युनिलिव्हर कंपनीच्या पैशातून दर वर्षी एका कलाकाराला हे दालन देण्याची मालिका 2000मध्ये सुरू झाली, आणि पहिले तिघे या पोकळीशी तीन तऱ्हांनी भिडले. लुईझ बूर्ज्वा यांनी चढून जाता येतील असे तीन पोलादी मनोरे उभे केले आणि सोबत एक अवाढव्य कोळीण ठेवली. दुसऱ्या वर्षी हुआन मुन्योस यांनी दालनाच्या मध्ये एक खोटा मजलाच घातला. तिसरे अनीश कपूर, मुंबईत जन्मलेले. त्यांनी सेसिल बाल्मंड या अभियंत्याबरोबर तीन पोलादी कड्यांवर गडद लाल पीव्हीसीचं कापड ताणून या टोकापासून त्या टोकापर्यंत दालन भरून टाकलं. ‘मार्सियस’ हे त्या कामाचं नाव. कुठेही उभं राहिलं तरी ते पूर्ण दिसत नसे, आणि ते तसं दिसू नये हाच बेत होता.

म्हणजे तिघांनीही दालनात काही ना काही आणलं, आणि कपूरांनी तर भरण्याची हद्द गाठली. त्यांच्यानंतर येणाऱ्याने त्याहून मोठी वस्तू आणली असती तर ती निव्वळ चढाओढ झाली असती. एलियासन 1967चा, कोपनहेगनमध्ये जन्मलेला, आईवडील आइसलँडचे, स्टुडिओ बर्लिनमध्ये. त्याने जमीन पूर्ण रिकामी सोडली. काम केलं ते एका टोकाच्या भिंतीवर, हवेत आणि माथ्यावर.

सामानाची यादी ऐकली तर विश्वास बसत नाही. एकरंगी दिवे, प्रकाश झिरपू देणारा पडदा, धुकं सोडणारी यंत्रं, आरशासारखी पन्नी, ॲल्युमिनियम, परांची. यातलं काहीच कलेच्या दुकानातून आलेलं नाही. नाटकाचा नेपथ्यकार, रस्त्यावरच्या दिव्यांचा कंत्राटदार आणि बांधकामाचा मुकादम एका टेबलाशी बसले तर तिघांमध्ये मिळून सगळं जमेल असं सामान.

पूर्वेकडच्या भिंतीवर, छताला टेकून, एक अर्धवर्तुळाकार पडदा. त्याच्या मागे शेकडो दिवे. खाली धुकं सोडणारी यंत्रं. आणि डोक्यावर, दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आरसा. पडद्याचं अर्धवर्तुळ आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब मिळून पूर्ण बिंब दिसायचं. सूर्य अर्धाच होता. उरलेला अर्धा छताने दिला.

दिव्यांबद्दल थोडं

पिवळा रंग हवा म्हणून दिव्यांवर पिवळी काच लावली असती तर हे प्रकरण इथे मांडण्याचं कारण नव्हतं. वापरलेले दिवे एकाच तरंगलांबीच्या आसपास प्रकाश देतात. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा उजेड जवळजवळ सगळाच्या सगळा 589 नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असतो. रंग ओळखायला डोळ्याला वेगवेगळ्या तरंगलांब्यांची तुलना करावी लागते. इथे तुलनेला दुसरं काही नसतंच. मग लाल स्वेटर, निळी जीन्स, हिरवी पिशवी, कातडीचे वेगवेगळे वर्ण, सगळं पिवळ्यापासून काळ्यापर्यंतच्या एकाच पट्टीत येऊन बसतं.

आपल्याकडच्या जुन्या पिवळ्या पथदिव्यांशी याची गल्लत होऊ शकते, म्हणून सांगतो. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर होते ते जास्त दाबाचे सोडियम दिवे. त्यांचा उजेड सोनेरी, पण त्यात बाकीचे रंगही थोडे मिसळलेले. त्यामुळे गाडी लाल आहे की निळी हे अंदाजाने कळायचं. 2015मध्ये तिथे पांढरे एलईडी लागले तेव्हा ‘राणीचा हार’ फिका पडला म्हणून केवढा गदारोळ झाला आणि पुढे पिवळसर छटेचे दिवे परत आणावे लागले, हे अनेकांना आठवत असेल. प्रकाशाचा रंग बदलला की जागाच बदलते हे मुंबईकरांना कुठल्याही प्रदर्शनात न जाता कळलेलं आहे. कमी दाबाचा दिवा मात्र त्याहून कितीतरी कठोर. त्यात रंग उरतच नाहीत. एलियासनने हा प्रयोग आधी लहान जागेत करून पाहिला होता. ‘रूम फॉर वन कलर’ हे त्याचं 1997चं काम म्हणजे याच दिव्यांनी उजळलेली रिकामी खोली.

या प्रकाशाचा एक परिणाम दालनाच्या समाजशास्त्राचा म्हणावा असा. संग्रहालयात माणसं एकमेकांना कपड्यांवरून जोखत असतात. रंग गेले की जोखायचा एक मोठा आधार जातो. शेजारी आडवा पडलेला माणूस बँकेतला साहेब आहे की शाळेच्या सहलीबरोबर आलेला शिक्षक, हे पटकन कळत नाही. सगळेच एका छायाचित्रातले होऊन जातात. अनोळखी माणसाशेजारी जमिनीवर लोळायला संकोच वाटू नये यात या उजेडाचा वाटा मोठा असणार.

धुक्याचं काम दुहेरी. पाणी आणि साखर यांचं मिश्रण बारीक तुषारांच्या रूपात हवेत सोडलेलं होतं. प्रकाशाला अडायला काही मिळाल्याशिवाय तो हवेत दिसत नाही, म्हणून धुकं. शिवाय 155 मीटरच्या पलीकडची भिंत, तिच्यावरचे लोखंडी खांब, पडद्याच्या कडा हे सगळं त्यात विरघळून जायचं. लांबचं अंतर नेमकं किती हे डोळ्याला ठरवता येईनासं झालं की सूर्य भिंतीवर आहे हे माहीत असूनही तो दूरवर भासतो.

आरसा

आता मुख्य मुद्दा. दालनाची मूळ उंची सुमारे 35 मीटर. एलियासनच्या मांडणीची नोंदलेली मापं 26.7 गुणिले 22.3 गुणिले 155.44 मीटर. म्हणजे आरसा मूळ छताला चिकटवलेला नव्हता, तो सुमारे आठ मीटर खाली टांगलेला होता. आपल्या व्यवसायाच्या भाषेत हे सरळसरळ फॉल्स सीलिंग. आणि फॉल्स सीलिंग घातलं की खोली बुटकी होते, हा फ्लॅट सजवणाऱ्या कुणालाही ठाऊक असलेला नियम. इथे उलटं झालं. आरशाच्या वर तेवढीच उंची पुन्हा दिसू लागली आणि दालन डोळ्याला 53 मीटरचं झालं. आठ मीटर दिले आणि सत्तावीस मीटर मिळवले, असा हा सौदा.

भिंतीवर आरसा लावून दुकान मोठं दाखवणं ही युक्ती मुंबईच्या इराणी हॉटेलांनी कधीच वापरून झाली आहे. तिच्यात काही नवं नाही. नवं आहे ते आरसा माथ्यावर नेणं, आणि तोही इतक्या उंचावर. भिंतीवरच्या आरशात माणूस स्वतःला सहज बघतो, केस नीट करतो, पुढे जातो. माथ्यावरच्या आरशात तसं होत नाही. उभ्या माणसाला वर बघितल्यावर स्वतःचं काय दिसतं? डोक्याचा वरचा भाग आणि खांदे. एक ठिपका. मान दुखायला लागते ते वेगळंच. आपलं पूर्ण शरीर त्या आरशात बघायचं असेल तर एकच मार्ग: आडवं व्हायचं.

इतकं साधं भूमितीचं कारण आहे. ‘लोक सूर्याखाली समुद्रकिनाऱ्यासारखे पहुडले’ असं या कामाबद्दल बोललं जातं, आणि त्यात थोडं तथ्य असेलही. पण त्या सूर्यापासून खाली पडलेल्यांना ऊब मिळत नव्हती. बाहेर लंडनचा हिवाळा; डिसेंबरात तिथे चारच्या आत सूर्य मावळतो. आत गार काँक्रीट. ऊन खाण्याचा आनंद फार तर मनाचा होता. आरशात स्वतःला बघायची हौस मात्र पक्की होती आणि ती उभ्याने भागत नव्हती.

पुढची पायरी आणखी रंजक. आडवं पडलं तर आपलं प्रतिबिंब किती लांब? आरसा 26.7 मीटरवर, म्हणजे प्रतिबिंब त्याच्या दुप्पट, 53 मीटरच्या आसपास. साडेपाच फुटी माणूस एवढ्या अंतरावरून किती दिसेल याचा हिशेब केला तर उत्तर येतं: हात लांब करून अंगठा धरला तर जेमतेम त्याच्या रुंदीएवढा. त्यात रंग नाहीत. शेकडो माणसांमध्ये ‘मी कुठला?’ हे कपड्यांवरून ओळखता येत नाही. मग काय करायचं? हात हलवायचा. पाय फाकवायचे. वर कुठला ठिपका हात हलवतोय ते शोधायचं. म्हणजे प्रत्येक येणाऱ्याला स्वतःला शोधण्यासाठी हालचाल करावी लागत होती, आणि शेकडो लोक एकाच वेळी हे करत होते.

एकटा माणूस ठिपक्याएवढा, पण दहापंधरा जणांनी मिळून आकार केला तर तो वर स्पष्ट दिसतो. चांदणी, फूल, अक्षरं. नोव्हेंबर 2003मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश लंडनच्या दौऱ्यावर आले तेव्हा काही लोकांनी या जमिनीवर शरीरांनी ‘बुश, परत जा’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द लिहिले. छतावरच्या आरशात अक्षरं सरळ दिसायची तर जमिनीवर ती उलटी मांडावी लागतात. तेव्हा असली घोषणा लिहिणं म्हणजे आपापसात बरंच बोलणं, हसणं, एकमेकांना सरकवणं आलं. अनोळखी लोकांना एकमेकांशी बोलायला लावण्यासाठी आंतररचनाकार गोल टेबलं, सामाईक सोफे, काय काय करून बघतात. इथे बसायला म्हणून मांडणीत एकही वस्तू नव्हती. उंची, आरसा आणि एकरंगी उजेड एवढ्यावर ते झालं.

हे सगळं आधी हिशेब करून ठरवलं होतं का? आरसा लावल्यावर लोक वर बघतील हे कोणालाही कळलं असतं. घोषणा लिहितील हे ठरवून होत नाही. रिकाम्या जमिनीचा निर्णय मात्र ठरवूनच घेतलेला आहे, आणि तो घेणं सोपं नाही. हातात एवढी जागा, पाठीशी एवढा प्रायोजक, आदल्या वर्षी कपूरांचं ते प्रचंड लाल शिल्प. अशा वेळी जमिनीवर काहीच न ठेवायला धाडस लागतं.

मागची बाजू

या मांडणीत मला सगळ्यात आवडणारी गोष्ट फोटोत दिसत नाही. पडद्याच्या मागे जाता येत होतं. तिथे दिवे, तारा, सांगाडा सगळं उघडं. वरच्या मजल्यावरून आरशाच्या छताची पाठ आणि तिला धरून ठेवणारी चौकट दिसायची. काहीही कापडाने झाकलेलं नव्हतं. आपल्याकडे गणपतीच्या मांडवातला देखावा उभा करणारे कारागीर मागची बाजू जिवापाड लपवतात. वायर दिसली की काम कच्चं. एलियासनने मागची बाजू हा मांडणीचाच भाग केला. आणि गंमत अशी की यंत्रणा बघून आलेली माणसंही परत समोर येऊन आडवी पडत. युक्ती कळली की तिचा असर जातो अशी आपली समजूत असते. आरशातला आपला ठिपका शोधायला युक्ती न कळण्याची गरजच नव्हती.

प्रसिद्धीतही हाच कटाक्ष. उघडण्यापूर्वीच्या जाहिरातीत मांडणीचं चित्र दाखवायचं नाही असा त्याचा आग्रह होता. शहरात लागलेल्या फलकांवर हवामानाविषयीच्या गप्पा होत्या. टेटच्या कर्मचाऱ्यांना हवामानाबद्दल प्रश्न विचारून त्यांची उत्तरं पुस्तिकेत छापली. हवेबद्दल बोलणं हा ब्रिटिशांचा आवडता उद्योग, तेव्हा विषय जागेला शोभणारा. नागपुरात मे महिन्यात कोणी भव्य सूर्य टांगला असता तर लोक त्याच्याखाली पहुडले असते का, ही शंका मला आहेच. तिथे बहुधा छतातून पाऊस पाडावा लागला असता.

आक्षेप अर्थातच आहेत, आणि ते फेटाळण्यासारखे नाहीत. पहिला: हा तमाशा आहे, लोक विचार करायला आले नाहीत, मजा करायला आले. यावर माझं उत्तर एवढंच, की रिकाम्या जमिनीवर एकमेकांना धरून अक्षरं बनवणारी गर्दी ही खुर्चीत बसून बघणाऱ्या गर्दीपेक्षा निराळी असते. दुसरा आक्षेप जास्त बोचरा. हवामानाबद्दलचं काम, आणि ते शेकडो दिवे महिनोन्‌महिने जाळून, एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या पैशात, जुन्या वीजकेंद्रात. कमी दाबाचे सोडियम दिवे विजेच्या हिशेबात काटकसरीचे, हे खरं आहे. तरीही विसंगती उरते. एलियासनने पुढे हवामानबदलावर अधिक थेट कामं केली. ‘आइस वॉच’मध्ये ग्रीनलंडचे हिमखंड कोपनहेगन, पॅरिस आणि 2018मध्ये टेट मॉडर्नच्याच बाहेर वितळायला ठेवले. मला ती कामं सरळसोट वाटतात. बर्फ वितळतोय हे दिसतं, पण बघणाऱ्याला करण्यासारखं त्यात फारसं नाही.

या दालनावर, म्हणजे टर्बाइन हॉलवर, मात्र सूर्याचा परिणाम टिकला. पुढच्याच वर्षी ब्रूस नाउमन यांनी तिथे काहीही दिसणारं ठेवलं नाही, फक्त आवाज ठेवले. 2006मध्ये कार्स्टन होलर यांनी घसरगुंड्या लावल्या, 2007मध्ये दोरिस साल्सेदो यांनी जमिनीलाच 167 मीटरची भेग पाडली. ती बुजवल्याची खूण आजही पायाखाली दिसते. 2010मध्ये आय वेवे यांनी चिनीमातीच्या 10 कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या. लोकांनी त्यांवर चालावं, लोळावं अशी कल्पना होती, पण उडणाऱ्या धुळीमुळे काही दिवसांतच दोर लावावे लागले. यात एक क्रम दिसतो. येणाऱ्याचं शरीर हे कामाचं सामान धरायची सवय या दालनाला लागली. दोर लागल्यावर बियांचं काम कसं पांगळं झालं, यावरून ती सवय किती घट्ट होती ते कळतं.

हे काम आज पुन्हा उभं करता येईल का? दिव्यांपासून अडचण सुरू होते. कमी दाबाचे सोडियम दिवे बनवणं मोठ्या उत्पादकांनी थांबवलं आहे. पिवळ्या एलईडीचा पट्टा त्यांच्याहून रुंद असतो. त्यात रंग पूर्णपणे मरत नाहीत. डोळ्याला फरक किरकोळ वाटेल, पण ‘शेजारचा कोण’ हे न कळण्याची सोय त्या प्रमाणात कमी होईल. दुसरी अडचण खिशातली. 2003मध्ये स्वतःला बघायला छत लागत होतं. आता हातातल्या फोनवर ते काम जवळून आणि नीट होतं. 53 मीटरवरचा ठिपका शोधायला हातपाय कोण हलवणार?

2019मध्ये टेट मॉडर्नमध्ये एलियासनचं मोठं सिंहावलोकन भरलं. ‘रूम फॉर वन कलर’चा पिवळा उजेड तिथे होता, लिफ्टमधून बाहेर पडल्या पडल्या अंगावर येणारा. सूर्य मात्र परत लावला नव्हता. उजेड तोच होता, पण छत साधं होतं.